सादळलेली काडतुसं वापरावीत का?

पानगळ
मंडळी, बंदुकांतलं कळणाऱ्यांनी जरा मदत करा. काका गेल्यावर त्यांचं सामान आवरायला घेतलंय, त्यात माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत बरीच जुनी काडतुसं निघाली. बंदूक परवान्याची आहे आणि रीतसर माझ्या चुलतभावाच्या नावावर झालीय, तो प्रश्न नाही. प्रश्न काडतुसांचा आहे. काही बारा बोअरची आहेत, कागदी नळीची आणि खाली पितळी बूड असलेली, काही रायफलची अख्खी पितळी आहेत. माळ्यावर पत्र्याचं छप्पर, उन्हाळ्यात तिथे पाच मिनिटं उभं राहवत नाही आणि पावसाळ्यात गळतं. पुठ्ठ्याच्या खोक्यांचा अक्षरशः लगदा झालाय. काही काडतुसांवर हिरवट थर आलाय, काही मात्र आज आणल्यासारखी चकचकीत आहेत. भावाचं म्हणणं, चकचकीत ती वेगळी काढू आणि रेंजवर सरावाला वापरू, हिरवी टाकून देऊ. मला ते पटत नाहीये पण का पटत नाही ते सांगता येत नाहीये. इतक्या वाईट जागी पडलेली काडतुसं चालतात का, आणि चालणारी न चालणारी ओळखायची कशी?

टिंगूमास्तर
टाकून द्या की ताई सगळी. विषय संपला.

निळीशाई
@टिंगूमास्तर, टाकून द्या म्हणजे कुठे? कचऱ्यात नको हां. कचरा गाडीत दाबला जातो, पुढे कुठेतरी जाळला जातो, आणि ते हाताळणाऱ्या माणसाला आत काय आहे याची कल्पनाही नसते. विहिरीत, नदीत टाकणारे पण असतात, तेही नको.

नेमबाज_७
मी अनेक वर्षं रेंजवर जातो, त्यामुळे थोडी दुसरी बाजू मांडतो. काडतूस जुनं आहे म्हणून निकामी असं अजिबात नसतं. सोव्हिएत काळातली ७.६२ मिमी रायफलची काडतुसं पत्र्याच्या सीलबंद डब्यात यायची, ते डबे काही दशकांनी उघडले तरी आतला माल बिनतक्रार चालतो, जगभरातले नेमबाज वापरतात. दुसऱ्या महायुद्धातली काडतुसं आजही उडतात. लष्करी काडतुसाला बुडातल्या प्रायमरभोवती (म्हणजे चाप ओढल्यावर ठोका बसून आधी पेटते ती टिकली) लाखेसारखा लेप असतो, बऱ्याचदा गोळी जिथे पितळात बसते तिथेही डांबरी लेप असतो, दमट हवा आत शिरायला वावच नाही.
त्यामुळे वय बाजूला ठेवा. कसं ठेवलं होतं ते विचारा. थंड, कोरडी, तापमान फार वरखाली न होणारी जागा असेल तर वयाची भीती नाही. ताई तुमच्या बाबतीत तीनही गोष्टी उलट आहेत म्हणून जपून. तरी सरसकट सगळी बाद असं मी म्हणणार नाही, पितळ स्वच्छ असेल तर बरीचशी चालतील.

वाटसरू
आमच्याकडे जुने लोक पावसाळ्यानंतर काडतुसं सुपात घालून उन्हात ठेवायचे, म्हणायचे सादळलेली दारू वाळली की परत चालते. यात काही तथ्य?

रसायनकाका
वाटसरू, थांबा. हे मुळीच करू नका, पानगळ तुम्हीही नको. कारण सविस्तर लिहितो, लांबलं तर वाचून घ्या, विषय तेवढा महत्त्वाचा आहे.

बंदुकीची दारू दोन प्रकारची. जुनी काळी दारू म्हणजे सोरा, कोळसा आणि गंधक, साधारण ७५, १५, १० या प्रमाणात. हे नुसतं मिश्रण आहे. ओल लागली की सोरा विरघळतो आणि दारू मंद होते. उन्हात वाळवायची पद्धत या दारूच्या काळातली असावी. तेव्हाही ती धोक्याचीच होती, पण निदान त्यामागे काहीतरी तर्क होता.

गेल्या शंभरेक वर्षांतली जवळपास सगळी काडतुसं बिनधुराच्या दारूची. ही म्हणजे नायट्रोसेल्युलोज, कापसासारख्या तंतूवर नायट्रिक आम्लाची प्रक्रिया करून बनवलेलं. काहींत सोबत नायट्रोग्लिसरीन. हा पदार्थ मुळातच अस्थिर. तयार झाल्या दिवसापासून तो अगदी हळू सडत असतो, त्यातून नायट्रोजनची ऑक्साइडं सुटतात, त्यांच्यापासून आम्ल बनतं आणि ते आम्लच सडण्याचा वेग वाढवतं. म्हणजे आग आपलं सरपण आपणच गोळा करते असा प्रकार. म्हणून कारखान्यात त्यात डायफिनाइलअमाइनसारखं स्थिरक एखाद टक्का घालतात. सुटणारी ऑक्साइडं ते पकडून ठेवतं. स्थिरक आहे तोवर दारू शाबूत, संपलं की घसरण जोरात सुरू.

आता हे स्थिरक किती दिवस पुरणार ते मुख्यतः उष्णतेवर ठरतं. तापमान दहा अंशांनी वाढलं की विघटनाचा वेग ढोबळमानाने दुप्पट किंवा त्याहूनही जास्त होतो. पंचवीस अंशांच्या खोलीतलं काडतूस आणि पन्नास अंशांच्या पत्र्याखालचं काडतूस यांचं वय कॅलेंडरवर सारखं दिसलं तरी आतून त्यांच्यात काही पिढ्यांचं अंतर पडलेलं असतं. आणि या विघटनाचं पितळावर बाहेरून काहीही दिसत नाही. हिरवा थर बाहेरच्या ओलीचा, उष्णतेने आत काय केलंय ते तो सांगत नाही. म्हणून @नेमबाज_७ यांच्या "पितळ स्वच्छ असेल तर" या वाक्याशी मी सहमत नाही. चकचकीत काडतूस पेटीच्या वरच्या थरात, छपराच्या जवळ असेल तर कदाचित तेच जास्त बिघडलेलं असेल.

उन्हात वाळवणं म्हणजे या दारूला आणखी उष्णता देणं. आतली ओल काही जात नाही, स्थिरक मात्र खर्ची पडतं.

पानगळ
काका, मला जे सांगता येत नव्हतं ते हेच. धन्यवाद. भावाला धागा पाठवलाय. चकचकीत होती ती वरच्याच खोक्यातली होती हे आता आठवलं.

अदिती_म
काका, दारू बिघडली तर वास येतो ना? मी ऐकलंय की आंबूस वास येतो.

रसायनकाका
येतो. बिघडलेल्या दारूला बोचरा आंबट वास असतो, आणि तांबूस भुकटीसारखं काहीतरी दिसतं, अगदी शेवटच्या टप्प्यात तांबूस वाफ. पण हे मोठ्या डब्यातल्या सुट्या दारूबद्दल. बंद काडतुसातला वास बाहेर कसा येणार? आतलं आम्ल पितळालाही आतून खातं, कधीकधी गोळीच्या मानेजवळ पितळ आतून बाहेर असं पोखरलं जातं आणि बारीक हिरवा ठिपका उमटतो. असा ठिपका दिसला तर ते काडतूस नक्कीच गेलं समजा. ठिपका नसला म्हणजे चांगलं, असं मात्र नाही.

नेमबाज_७
काका, तुमचं रसायनशास्त्र मान्य. पण व्यवहारात काय होतं? बार निघत नाही, एवढंच. चाप ओढला, टक् आवाज आला, काडतूस बाजूला काढलं. थोडी भीती जास्त घातली जातेय असं वाटतं.

माजी_फौजी
@नेमबाज_७, बार निघालाच नाही तर नशीब चांगलं म्हणायचं. भीती आहे ती अर्धवट बाराची.

रेंजवर पाहिलेला प्रसंग सांगतो. एका नेमबाजाने जुन्या काडतुसांची पिशवी आणली होती. दोनतीन बार नीट गेले. मग एक आवाज आला, ठो नाही, नुसता फट्. धक्का पण नाही बसला. तो पुढचं काडतूस चढवणार इतक्यात रेंज अधिकारी ओरडला आणि त्याचा हात धरला. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, काढला, नळी उजेडाकडे धरली तर उजेड दिसेना. मग पितळी सळई तोंडाकडून आत सोडली, ती अर्ध्यावर जाऊन टक्कन थांबली. गोळी नळीत अडकलेली. त्यामागे दुसरा बार उडवला असता तर नळी फाटली असती, आणि फाटते ती डोळ्याच्या, हाताच्या शेजारी. गोळी किती आत अडकलीय ते त्या अधिकाऱ्याने सगळ्यांना जवळ बोलावून सळईने दाखवलं, बाराचा जोर थोडा जास्त असता तर गोळी बाहेर पडलीही असती आणि त्या माणसाला वाटलं असतं काडतुसं ठीक आहेत.

दुसरा प्रकार उशिरा पेटण्याचा. टक् आवाज येतो, काही होत नाही, माणूस बंदूक वळवून पाहायला जातो आणि तेव्हा बार होतो. प्रायमरमध्ये ओल शिरली की हे होऊ शकतं. म्हणून बार निघाला नाही तर नळी निशाणाकडेच, बोट चापावरून बाहेर, किमान तीस सेकंद थांबायचं. लगेच उघडायचं नाही. @नेमबाज_७ तुम्ही हे पाळत असालच, पण नव्या माणसाच्या लक्षात राहत नाही म्हणून लिहिलं.

नेमबाज_७
हे खरंय, फौजीसाहेब. अडकलेल्या गोळीचा मुद्दा मी हलका केला होता, तो तसा नाही. मी माझं "बरीचशी चालतील" मागे घेतो. सीलबंद डब्याबद्दलचं मत मात्र तेच.

टिंगूमास्तर
बायको वर्षानुवर्षं म्हणतेय माळा आवरा. आज पहिल्यांदा वाटतंय की ती म्हणते ते ऐकावं. 😀

जुनंपानं
सुंदर धागा. थोडं इतिहासातलं जोडतो.

ब्रिटिशांच्या काळात भारतातल्या फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात ठेवलेल्या पितळी काडतुसांना आपोआप भेगा जायच्या, बार न उडवताच. साठे बऱ्याचदा घोड्यांच्या पागेत असायचे. घोड्याच्या मुतातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळ घडवताना त्यात उरलेला ताण या तिघांनी मिळून पितळ तडकत होतं. याचा नीट उलगडा १९२१ मध्ये झाला. पुढे पितळ घडवल्यावर हलकं तापवून ताण काढायची पद्धत रूढ झाली.

हे सांगायचं कारण, लोक हिरवी काडतुसं पॉलिशने घासतात. पितळाच्या अनेक पॉलिशमध्ये अमोनिया असतो. त्याने पितळ आणखी ठिसूळ होतं. पानगळ, भावाला घासू देऊ नका.

पानगळ
बापरे. घासायचाच विचार होता त्याचा, कालच म्हणत होता. थांबवलं.

वाटसरू
मग तेल लावून पुसली तर? गंजावर तेल चालतं ना.

माजी_फौजी
तेलही नको. पातळ तेल प्रायमरच्या कडेने आत झिरपू शकतं आणि तिथला स्फोटक थर मारतं. म्हणजे आपणच चांगल्या काडतुसाचं अर्धवट काडतूस करायचं.

अदिती_म
काका, ही दारू साठ्यातच आपोआप पेटते असंही वाचलं होतं. खरं का?

जुनंपानं
रसायनकाकांच्या आधी मी उत्तर देतो, माझा आवडता विषय आहे. हो, मोठ्या साठ्यात पेटते. फ्रेंचांनी १८८४ मध्ये पोल व्हिएय यांनी शोधलेली "पूद्र बे" ही पहिली यशस्वी बिनधुराची दारू वापरात आणली, पण सुरुवातीच्या दारूत स्थिरक कमकुवत होतं. फ्रान्सच्या तूलाँ बंदरात १२ मार्च १९०७ ला "येना" ही युद्धनौका कोठारातल्या स्फोटाने उद्ध्वस्त झाली, शंभराहून जास्त लोक गेले. चार वर्षांनी, २५ सप्टेंबर १९११ ला, त्याच बंदरात "लिबर्ते" उडाली, तिथे मृतांचा आकडा सुमारे तीनशेपर्यंत गेला. दोन्हींचा ठपका सडलेल्या दारूवर आला. शत्रू नाही, लढाई नाही, जहाज बंदरात उभं.

ब्रिटिशांच्या कॉर्डाइटची, म्हणजे त्यांच्या बिनधुराच्या दारूची, गोष्टही मजेची आहे. १८८९ च्या मूळ कॉर्डाइटमध्ये ५८ टक्के नायट्रोग्लिसरीन, ३७ टक्के गनकॉटन (म्हणजे नायट्रोसेल्युलोजच) आणि ५ टक्के व्हॅसलीन. व्हॅसलीन घातलं होतं नळीची झीज कमी व्हावी म्हणून. पुढे कळलं की ते दारूला टिकवायचंही काम करतंय.

रसायनकाका
जुनंपानं, छान लिहिलंत. अदिती, एक पुस्ती जोडतो. स्वतःहून पेटायला दारूचा मोठा ढीग लागतो, आत तयार झालेली उष्णता बाहेर पडू न देण्याइतका. सुट्या काडतुसांच्या पेटीत उष्णता निघून जाते, त्यामुळे पानगळ यांच्या माळ्यावर तसा स्फोट होईल ही भीती नको. घराला आग लागली तर मात्र ती फुटतात. नळी नसल्यामुळे गोळी बंदुकीसारखी सुटत नाही, पण पितळाचे आणि प्रायमरचे तुकडे उडून जखमा करतात.

माजी_फौजी
मोठ्या दारूगोळ्याचं गणित वेगळं असतं. २९ जुलै १९६७ ला अमेरिकेच्या "फॉरेस्टल" या विमानवाहू नौकेवर आग लागली. आदल्याच दिवशी तिच्यावर जुने हजार पौंडी बॉम्ब चढवले होते, कोरियन युद्धाच्या काळातले, उघड्यावर दमट उष्ण हवेत पडून राहिलेले. जहाजावरच्या दारूगोळा विभागाच्या लोकांना ते बघूनच धास्ती वाटली होती आणि त्यांनी विरोधही केला होता. इंधनाला आग लागल्यावर साधारण दीड मिनिटात पहिला बॉम्ब फुटला. आग विझवणारी पहिली तुकडी अगदी जवळ होती, ती जवळपास सगळी गेली. एकूण १३४ माणसं. नव्या बॉम्बांनी आगीत जास्त तग धरला असता, तेवढा वेळ मिळाला असता.

सायप्रसमध्ये ११ जुलै २०११ ला नौदल तळावर जप्त केलेल्या दारूगोळ्याचे ९८ कंटेनर फुटले. दोन वर्षांहून जास्त काळ उन्हात ठेवले होते. तेरा जण गेले, शेजारचं वीजकेंद्र उद्ध्वस्त झालं आणि देशाची निम्मी वीज गेली. तिथेही आधी इशारे दिले गेले होते. फौजेत प्रत्येक लॉटचा, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या मालाचा, नंबर, तारीख, दारूतल्या स्थिरकाची ठराविक काळाने तपासणी हे सगळं का करतात ते यातून कळेल. घरच्या पेटीला असा लॉट नाही, तपासणी नाही. म्हणून घरी बसून "ओळखायची कशी" याला उत्तर एकच, ओळखता येत नाही.

मुसाफिर२
पण एक करता येईल ना, दहातलं एक काडतूस उघडून दारू बघायची, चांगली असेल तर बाकी

संपादक
मुसाफिर२, प्रतिसादाचा उरलेला भाग काढला आहे. काडतूस घरी उघडण्याच्या, दारू किंवा प्रायमर काढण्याच्या पद्धती इथे कोणीही लिहू नये. बाकी चर्चा चालू द्या.

रसायनकाका
संपादकांना अनुमोदन. आणि मुसाफिर२, तुमच्या मुद्द्यातही खोट आहे. एक बरं निघालं म्हणून शेजारचं बरं असेल असं नाही. एक पेटीच्या तळाशी पाण्यात होतं, दुसरं पत्र्याला टेकून. ओल लागलेल्या मालात प्रत्येक काडतुसाचं नशीब वेगळं. फौजेत नमुना तपासतात तो एका लॉटचा, एका पद्धतीने साठवलेला.

निळीशाई
कागदी काडतुसांबद्दल कोणीच बोललं नाही. आमच्या ओळखीत बारा बोअरची होती. कागद ओलीने फुगतो, मग काडतूस नळीत निम्मंच शिरतं, जोर करून बसवलं तर नंतर निघत नाही. काहींचं तोंडाचं दुमडलेलं टोक उघडून छर्रे पेटीत सांडले होते. कागदी नळीवरचं मेणही उन्हाने वितळून गेलं होतं. प्लास्टिकची यापेक्षा बरी, पण बूड आणि प्रायमर तेच.

नेमबाज_७
निळीशाई, चांगला मुद्दा. त्यात भर घालतो. बंदूकही जुनी असेल तर काडतुसाची लांबी बघा. बऱ्याच जुन्या दुनळींचं कक्ष (नळीतली काडतूस बसायची जागा) ६५ मिमीचं असतं, आजची काडतुसं ७० मिमीची. न उडवलेलं ७० मिमीचं त्यात सहज बसतं कारण तोंड दुमडलेलं असतं, पण बार होताना उघडायला जागा नाही, दाब वाढतो. म्हणजे जुनी टाकून नवी आणताना पण बंदूकवाल्याकडून कक्ष मोजून घ्या. हा विषय वेगळा आहे पण पानगळ यांच्या भावाच्या कामाचा.

आणि फार जुन्या लष्करी काडतुसांच्या प्रायमरमध्ये पोटॅशियम क्लोरेट असायचं. बार झाल्यावर नळीत त्याचा क्षार उरतो, तो हवेतली ओल ओढतो आणि एका रात्रीत नळी गंजायला लागते. तेलाने तो जात नाही, गरम पाण्याने धुवावं लागतं. काडतूस उत्तम चालेल आणि बंदूक खराब होईल.

जुनंपानं
अवांतर: काळी दारू जुनी झाली म्हणजे मेली असं समजू नका. २००८ मध्ये अमेरिकेतल्या व्हर्जिनियात एका संग्राहकाच्या हातात यादवी युद्धातला तोफगोळा साफ करताना फुटला आणि तो गेला. दीडशे वर्षांच्या आसपास जुना माल. कुणाला शेतात, समुद्रकिनारी, जुन्या वाड्यात तोफगोळा, बॉम्ब, हातबॉम्ब असं काही दिसलं तर उचलायचं नाही, साफ करायचं नाही, फोटोसाठी पण जवळ जायचं नाही. जागा लक्षात ठेवून पोलिसांना फोन.

अदिती_म
पानगळताई, पुढे काय केलंत?

पानगळ
सगळ्यांचे मनापासून आभार. भावाने धागा दोनदा वाचला, अडकलेल्या गोळीचा प्रसंग वाचून त्याचा चकचकीत काडतुसांचा हट्ट गेला. पोलीस ठाण्यात फोन केला. त्यांनी सांगितलं पेटी घेऊन येऊ नका, आहे तिथेच राहू द्या, मोजायला पण बाहेर काढू नका, परवाना तयार ठेवा, आम्ही माणूस पाठवतो. पेटीपाशी घरातलं कोणी जाणार नाही एवढी काळजी घेतोय, मुलांना माळ्याची शिडीच काढून ठेवलीय.
फक्त एक विचारायचं राहिलं. पेटीच्या खाली पत्र्याचा एक चपटा डबा आहे, डाखलेला, कधी न उघडलेला. भाऊ म्हणतो नेमबाज_७ म्हणाले तसा सीलबंद, तो तरी ठेवू.

नेमबाज_७
ताई, मी सीलबंद डब्यांची बाजू घेतली होती म्हणून मीच उत्तर देतो. सील ओल थांबवतं, उष्णता थांबवत नाही. इतके उन्हाळे पत्र्याखाली काढलेल्या डब्यावर मी विश्वास ठेवणार नाही. आत काय आहे हेही तुम्हाला माहीत नाही. न उघडता तोही देऊन टाका, आणि येणाऱ्या माणसाला आधी त्या डब्याबद्दल सांगा.

माजी_फौजी
+१. डबा फुगलाय का, कडेला ओघळ किंवा पांढरट हिरवा डाग आहे का ते लांबूनच बघून फोनवर सांगून ठेवा, म्हणजे ते तयारीने येतील. हलवू नका.

पानगळ
एका कडेला डाग आहे. आत्ताच परत फोन करते.